तळटीप ७ : ‘जिआ’

७. जिआ : घर, कुटुंब. सूर वरच्या पट्टीत सपाट ठेवायचा. अक्षरात वर छप्पर, खाली डुक्कर. ‘घरोघरी डुकरे पाळत, म्हणून हे घर’ ही व्युत्पत्ती हौशी पुस्तकांतून हमखास भेटते. प्रकरण इतके सरळ नाही. इ.स. १०० च्या सुमारास कोशकार शू शेन याने खालचा भाग निव्वळ उच्चारदर्शक ठरवला : नर डुकरासाठीच्या, ‘जिआ’ असाच उच्चार असलेल्या अक्षराचे ते संक्षिप्त रूप. भाष्यकार द्वान यूत्साय (१७३५–१८१५) याला हे पटले नाही. मुळात ही डुकरांचीच जागा, माणसांना शब्द नंतर लागला, असे तो म्हणतो. गोठ्याचे अक्षर पुढे तुरुंगासाठी रूढ झाले, हा त्याचा दाखला. आमचा कल द्वानकडे आहे.

रोजच्या बोलण्यात ‘ह्वेइ जिआ’ म्हणजे घरी परतणे, ‘दा जिआ’ (शब्दशः मोठे घर) म्हणजे सगळेजण. नामामागे लागले की त्या विषयातला जाणकार : ‘ह्वा जिआ’, चित्रकार. दुकाने आणि कंपन्या मोजतानाही हेच अक्षर. ‘लाओ जिआ’ म्हणजे मूळ गाव. नववर्षाला चाकरमानी जातात ते तिथे. या शब्दासाठी आम्ही पुस्तकभर नुसते ‘गाव’ वापरले आहे.

— संपादक