पुसण्याचा अधिकार कोणाचा?

आमच्या गिरगावातल्या चाळीत, जिन्याच्या तोंडाशी, एक काळा फळा होता. पाणी किती वाजता येणार, गणपतीची वर्गणी कोणाची राहिली, सगळे त्यावर लिहिले जाई. खडू कोनाड्यात, फडके खिळ्याला. कोणीही लिहावे, कोणीही पुसावे.

एकदा तिसऱ्या मजल्यावरचे एक आजोबा रात्री रुग्णालयात गेले. ‘सकाळी आठ वाजता तिथूनच नेणार’ अशी ओळ कोणीतरी फळ्यावर लिहिली. पहाटे दुसऱ्या कोणीतरी फळा पुसून पाण्याची नवी वेळ लिहिली. आजोबांचे वीस वर्षांचे पत्त्यांतले भिडू गिरणीतून तिसरी पाळी करून साडेसातला परतले. त्यांनी पाण्याची वेळ वाचली आणि वर जाऊन झोपले. दहाला उठल्यावर त्यांना कळले. ते एवढेच म्हणाले, ‘‘पुसलं कोणी?’’ उत्तर देण्यासारखे कोणी नव्हते, कारण नियमच नव्हता.

परवा माझ्या नातवाने मोबाइल टेबलावर रोखून एक किल्ला दाखवला, तेव्हा तो फळा आठवला. टेबल रिकामेच होते; किल्ला फक्त पडद्यावर. त्याचा मित्र आपल्या मोबाइलमधून तोच किल्ला त्याच जागी पाहत होता. खऱ्या जागेवर आभासी वस्तू मांडण्याच्या या विद्येला ‘ऑगमेंटेड रिॲलिटी’ म्हणतात. दोघांचे पाच मिनिटांत भांडण झाले. ‘‘आजोबा, यानं माझा बुरूज काढला!’’ प्रश्न आमच्या फळ्याचाच होता. तो संगणकाच्या जगात केव्हा उपजला आणि कोणी कसा सोडवला, ती हकिगत ऐकण्यासारखी आहे.

डिसेंबर १९६८. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोला संगणकतज्ज्ञांची परिषद भरली होती. तिथे डग्लस एंगेलबार्ट यांनी एक प्रात्यक्षिक दाखवले. सुमारे पन्नास किलोमीटरवरच्या मेन्लो पार्कमध्ये बसलेले त्यांचे सहकारी बिल पॅक्स्टन आणि ते स्वतः, दोघे एकाच वेळी एकच पडदा पाहत होते. पडद्यावर दोन ठिपके फिरत होते, प्रत्येकाचा एक. पण एंगेलबार्ट यांनी आधीच ठरवले होते की मजकुरात बदल करण्याची सत्ता आपल्या ठिपक्याला. पॅक्स्टन यांच्या ठिपक्याने फक्त बोट दाखवावे. म्हणजे सामायिक पडदा जन्मला त्याच दिवशी अधिकाराची वाटणीही जन्मली.

योगायोग असा, की त्याच परिषदेच्या ग्रंथात आयव्हन सदरलँड यांचा निबंध छापला आहे. डोक्यावर चढवायचा, खोलीतल्या दृश्यावर आभासी आकृती दाखवणारा पडदा त्यांनी बनवला होता. तो छतापासून टांगलेल्या दांड्याला जोडलेला असे. ‘सामायिक पडदा’ आणि ‘डोळ्यांपुढचा आभास’ हे दोन प्रवाह एकाच मांडवाखाली होते. त्यांचा संगम व्हायला मात्र जवळजवळ तीस वर्षे लागली.

मधल्या काळात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्राने १९८०च्या दशकात ‘कोलॅब’ नावाची बैठकीची खोली उभारली. तिथे खडूच्या फळ्याची जागा संगणकांना द्यायची होती. पहिला नियम साधा होता : जे मला दिसते तेच तुला दिसावे. पण तो काटेकोरपणे पाळला की प्रत्येकाच्या पडद्यावर सगळ्यांचीच धावपळ दिसे आणि कोणालाच काम सुचेना. तेव्हा नियम सैल केला गेला. शिवाय एखादी ओळ कोणी दुरुस्त करत असेल, तर ती इतरांना करड्या रंगात दिसे. म्हणजे ‘थांबा, इथे कोणाचा तरी हात आहे.’ आमच्या चाळीत एवढे असते तरी पुष्कळ होते!

१९९८ साली दोन प्रवाह भेटल्याचे स्पष्ट दिसते. व्हिएन्नाच्या तंत्रविद्यापीठात काही संशोधकांनी ‘माहजाँग’ हा चिनी सोंगट्यांचा खेळ आभासी रूपात मांडला. टेबल एकच, पण माझ्या सोंगट्यांवरची चित्रे मलाच दिसावीत. समोरच्याला त्या कोऱ्या. पत्ते छातीशी धरण्याची आपली सवय त्यांनी यंत्राला शिकवली.

त्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी दोन गमतीच्या युक्त्या सुचवल्या. एक आभासी दिवा : त्याच्या उजेडात वस्तू ठेवली की ती खासगी झाली. दुसरा आरसा : युरोपीय समजुतीप्रमाणे रक्तपिपासू भुताचे प्रतिबिंब आरशात पडत नाही, तसे खासगी वस्तूचेही पडायचे नाही. आरशात पाहिले की कळे, चारचौघांना काय दिसते आहे. आपल्याकडे भूत पायांवरून ओळखतात, तिकडे आरशावरून, शहाणपण तेच.

पुढे ही विद्या प्रयोगशाळेतून रस्त्यावर आली आणि प्रश्न कडवट झाला. २०१६ साली ‘पोकेमॉन गो’ या खेळातली आभासी ठिकाणे हिरोशिमाच्या शांतता स्मारकातही होती. तिथल्या प्रशासनाने विनंती केल्यावर ती काढली गेली. २०१७ साली जेफ कून्स यांचे फुग्याच्या कुत्र्याचे आभासी शिल्प न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये ‘मांडले’ गेले. लगेच सेबास्टियन एराझुरिझ या कलावंताने रेघोट्या मारलेली त्याची प्रतिकृती त्याच जागी आपल्या आभासात उभी केली. त्याचा सवाल असा : सार्वजनिक जागेवर कंपनीने काहीही मांडावे, ही परवानगी दिली कोणी?

२०१९ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी या सगळ्याची नीट मांडणी केली. एकाच खोलीतल्या अनेकांना काय दिसावे, काय हलवता यावे, आणि नको असलेली वस्तू माझ्यावर कोणी लादू नये, या गोष्टी प्रत्येकाने नव्याने शोधण्यापेक्षा त्यांचा पाया तयार मिळावा म्हणून त्यांनी साधनसंच बनवला. एखादी वस्तू खासगी असली तरी तिथे ‘काहीतरी आहे’ एवढी पुसट खूण इतरांना दिसावी, अशीही त्यात सोय होती. मला हे फार आवडले. गुपित राखावे, पण शेजाऱ्याला ठेच लागू देऊ नये.

या पन्नास वर्षांत यंत्रे छतावरून खिशात आली. प्रश्न मात्र तीनच राहिले : कोणाला दिसणार, कोण बदलणार आणि कोण पुसणार. पहिल्या दोघांवर माणसे हौसेने विचार करतात. तिसरा आठवतो तो काहीतरी पुसले गेल्यावर.

नातवाला मी फळ्याची गोष्ट सांगितली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मित्राला म्हणाला, ‘‘तुला बुरूज काढायचा असेल ना, तर आधी विचार.’’

आमच्या चाळीत त्या दिवसानंतर फळ्याच्या कोपऱ्यात एक चौकट आखली गेली. त्यातला मजकूर, ज्याने लिहिला त्यानेच पुसायचा. कुलूप नव्हते, पहारा नव्हता. चाळ पाडली तोपर्यंत ती चौकट कोणी मोडल्याचे मला आठवत नाही.