कादंबरी येडशीला उतरायची

पुण्या-मुंबईत कादंबरी बाहेर पडली म्हणजे ती धाराशिवात पोचली, असं पूर्वी कधीच नव्हतं. मधे राज्याची हद्द होती. तेव्हा उस्मानाबाद म्हणवणारा हा जिल्हा सप्टेंबर 1948पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि शेजारची बार्शी मात्र इंग्रजी मुलखात. इकडे कारभाराची भाषा उर्दू, टपाल निजामाचं, तिकिटं निजामाची आणि खिशातला रुपयाही निजामाचाच, हाली. सात हाली रुपये मोजावेत तेव्हा सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, हाती येत. पुण्याहून पुस्तक मागवणाऱ्याला छापील किमतीच्या वर हा बट्टाही सोसावा लागे.

मराठी वाचकाला कादंबरीची वाट पाहायची सवय लावली ती हरिभाऊ आपट्यांनी. 1890मध्ये त्यांनी ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षांत कोण घेतो’ त्यातून क्रमशः छापली. पुढचं प्रकरण पुढच्या अंकात. इंग्लंडात डिकन्सच्या वाचकांना हे आधीपासून ठाऊक होतं, आता पुण्याच्या वाड्यांतही तेच सुरू झालं. हप्त्यांची कादंबरी पुढे बांधीव पुस्तक होऊन आली, तेव्हा अंक न मिळालेल्या दूरच्या वाचकाला ती पहिल्यांदा सलग वाचता आली.

दूर म्हणजे किती दूर, हे बार्शी लाइट रेल्वेच्या नकाशावरून कळतं. अडीच फुटी रुळांची ही गाडी 1897मध्ये बार्शीपर्यंत आली आणि 1911मध्ये लातूरला पोचली. वाटेत येडशी, ढोकी, मुरूड. जिल्ह्याचं ठिकाण मात्र रुळांपासून वीसेक किलोमीटर बाजूलाच राहिलं. रेल्वेनं येणारं पार्सल येडशीला उतरायचं आणि तिथून पुढे जायचं. रुंद रूळ थेट शहरात यायला एकविसावं शतक उजाडलं.

अशा मुलखात मराठी पुस्तक हाती असणं हीच एक भूमिका होती. आज लोहारा तालुक्यात असलेल्या हिप्परग्याला 1921मध्ये राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिचे मुख्याध्यापक झाले. सरकारी शिक्षण उर्दूतून चालत असताना मराठीतून शिकवणाऱ्या या शाळेनं आणि गावोगावच्या खासगी वाचनालयांनी जो वाचक घडवला, त्याची नोंद साहित्याच्या इतिहासात फारशी होत नाही. ती व्हायला हवी. लेखक आणि प्रकाशक यांच्याइतकाच या वाचकानंही मराठी पुस्तकाला आधार दिला.

1 एप्रिल 1950ला निजामाचं टपाल भारतीय टपालात मिसळलं आणि पैसे भरून सोडवायच्या व्ही.पी. पार्सलांचा रस्ता मोकळा झाला. मग आलं कादंबऱ्यांचं भरघोस दशक. ‘स्वामी’ 1962मध्ये, ‘कोसला’ 1963मध्ये, ‘मृत्युंजय’ 1967मध्ये आणि हजारभर पानांची ‘श्रीमान योगी’ 1968मध्ये. जिल्ह्यातल्या भवानीच्या तुळजापुरात ‘श्रीमान योगी’सारखी शिवचरित्रावरची कादंबरी म्हणजे घरचीच गोष्ट. प्रकाशनपूर्व सवलतीची पद्धतही याच काळात वाचकांच्या अंगवळणी पडली. जाहिरात यायची, अमुक तारखेच्या आत मनीऑर्डर करा, पुस्तक कमी किमतीत घ्या. प्रकाशकाला कागदासाठी आगाऊ पैसे मिळत आणि किती प्रती छापायच्या याचा अंदाज येई. वाचकाच्या वाट्याला वाट पाहणं येई.

पण आगाऊ पैसे भरणारे थोडे. बहुतेकांची कादंबरी वाचनालयातून येई. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम 1967मध्ये झाला, अ, ब, क, ड असे वर्ग ठरले, अनुदान सुरू झालं आणि तालुक्याच्या कपाटांत नवी पुस्तकं येऊ लागली. प्रत एकच आणि वाचायला अख्खा गाव टपलेला. त्यामुळे पुठ्ठा बांधणी ही वाचनालयाची गरज होती. पातळ वेष्टनाची प्रत आली, तर ती आधी बाइंडरकडे जाई. तो मूळ वेष्टन सोडवे, दाभणानं कडेला भोकं पाडून दोरा ओवी, पाठीला कापड लावी आणि कसर लागू नये म्हणून मोरचूद घातलेल्या खळीनं पुठ्ठा चिकटवी. पुस्तक दाबाखाली वाळे. मग दाखलअंक पडे, शिक्के बसत, आणि तोवर देवघेवीच्या टेबलापाशी रोज विचारणा चालू असे. शिवण इतकी आत गेलेली असे की डाव्या पानाच्या ओळींचे शेवटचे शब्द वाचायला पुस्तक ताणून धरावं लागे. वाचक तक्रार करत नसत.

स्वतःचं म्हणून पुस्तक बाळगायचं तर ते कागदी वेष्टनाचंच. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा पातळ, स्वस्त आणि एका बैठकीत संपणाऱ्या. झुंझार आणि काळापहाड यांचे पुढचे कारनामे कधी येतात, याकडे वाचक डोळे लावून बसत. पुढे सुहास शिरवळकरांनी तोच वाचक कॉलेजात गाठला, त्यांची ‘दुनियादारी’ 1982ची. समीक्षकांनी या पुस्तकांना दारातच उभं केलं, ते चूकच झालं. महिन्याच्या खर्चातून पैसे वाचवून पुस्तक विकत घेणं अनेकांना याच पुस्तकांनी शिकवलं.

1974मध्ये सुरू झालेल्या ‘ग्रंथाली’नं आगाऊ वर्गणीला चळवळीचं रूप दिलं. सभासदांना स्वस्तात पुस्तकं मिळू लागली आणि ‘बलुतं’सारखं आत्मकथन शहराबाहेर पोचलं. पुढे ‘उचल्या’ हे आत्मकथन लिहिणारे लक्ष्मण गायकवाड तर इथल्याच धनेगावचे. 1982मध्ये लातूर वेगळं होण्याआधी ते गाव उस्मानाबाद जिल्ह्यातच मोडे.

सगळ्यात लांबलेली प्रतीक्षा मात्र भालचंद्र नेमाड्यांच्या ‘हिंदू’ची. त्यांची ‘झूल’ 1979मध्ये आली, त्यानंतर थेट 2010चा जुलै. नेमाडे औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठात शिकवत आणि उस्मानाबादची महाविद्यालयं त्याच विद्यापीठाच्या कक्षेत, त्यामुळे मराठीच्या प्राध्यापकांत ही कादंबरी छापून येण्याआधीच बोलण्यात होती. एकतीस वर्षांत त्यांचीच ‘कोसला’ कॉलेजात वाचलेली पिढी निवृत्तीला आली. ‘हिंदू’चा नायक खंडेराव पुरातत्त्वाचा अभ्यासक, उत्खननात रमलेला. धाराशिवच्या वाचकाला यात परकं काही नव्हतं. जिल्ह्यातलं तेर म्हणजे प्राचीन तगर, पेरिप्लस या प्राचीन ग्रीक ग्रंथात नाव असलेली बाजारपेठ, आणि तिथल्या पांढरीत सापडलेल्या सातवाहनकाळच्या वस्तू रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयात मांडलेल्या आहेत. पॉप्युलर प्रकाशनाचा हा जाडजूड ग्रंथ चतुष्टयाचा पहिला भाग म्हणून आला, तेव्हा वाचक तो संपवता संपवताच पुढच्या भागांची चौकशी करू लागले.

त्याच तेरच्या संत गोरोबाकाकांचं नाव संमेलननगरीला देऊन 10 जानेवारी 2020ला 93वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन उस्मानाबादेत भरलं. अध्यक्ष फादर फ्रान्सिस दिब्रिटो, उद्घाटक ना. धों. महानोर. तीन दिवस प्रकाशकांची दालनं वाचकांच्या दारात आली होती, आणि तुळजापूर-उमरग्याकडच्या वाचकाला पुठ्ठ्याची प्रत घ्यावी की पेपरबॅक, हे पुस्तक हातात धरून, पानं चाळून ठरवता येत होतं.