जैनथचा शिलालेख आणि जतनकार्याची सामाईक नोंद



  जुन्या वास्तू, देवराया, वन्यप्राणी यांच्या रक्षणाची कामे आज ठिकठिकाणी चालू आहेत. ती एकमेकांना कळावीत, एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडावा, म्हणून संगणकावर सर्वांना पाहता येतील असे माहितीसंग्रह उभे राहिले आहेत. मी आयुष्यभर मराठीचे अध्यापन केले. संगणकाचे तंत्र सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु सामाईक नोंदीने काय साधते, याचा एक उत्तम दाखला आपल्या जैनथच्या इतिहासात आहे. तोच आज आपणापुढे मांडण्याचा विचार आहे.

जैनथच्या मंदिरातील संस्कृत शिलालेख परमार राजपुत्र जगद्देव याच्या काळातला, म्हणजे साधारणपणे इसवी सनाच्या अकराव्या-बाराव्या शतकांच्या संधीवरचा आहे. माळव्याचा राजा उदयादित्य याचा हा पुत्र कल्याणच्या चालुक्य सम्राट सहाव्या विक्रमादित्याच्या आश्रयास आला आणि गोदावरीच्या उत्तरेकडील या मुलखात त्याने अधिकार गाजविला. त्याच्या पदरी असलेल्या लोलार्काची पत्नी पद्मावती हिने निंबादित्याचे, म्हणजे सूर्याचे मंदिर बांधविले, असे हा लेख सांगतो. आज तेथे लक्ष्मीनारायणाची पूजा होते. बांधणाऱ्या स्त्रीचे नाव आणि मूळ दैवत ही दोन्ही आपल्याला त्या एका दगडामुळे ज्ञात आहेत.

आता या लेखाचे दुसरे महत्त्व पाहू. भोज आणि उदयादित्य यांचे नाते काय, हा परमारांच्या इतिहासातील एक वादाचा प्रश्न होता. नागपूरच्या प्रशस्तीत उदयादित्याला भोजाचा ‘बंधु’ म्हटले आहे. संस्कृतात बंधु म्हणजे भाऊ आणि बंधु म्हणजे कोणीही नातलग. तेव्हा एवढ्यावरून निर्णय होत नव्हता. जैनथच्या लेखात भोज हा जगद्देवाचा ‘पितृव्य’, म्हणजे चुलता, असल्याचे आढळले. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील डोंगरगाव येथे शके १०३४, म्हणजे इसवी सन १११२ चा लेख मिळाला. त्याचे संपादन नागपूरचे महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी केले. त्यातही उदयादित्य भोजाचा भाऊ असल्याचा निर्वाळा आहे. तीन गावांच्या तीन दगडांनी मिळून एका शब्दाचा अर्थ निश्चित केला.

हे तीन दगड एकत्र आले कोठे? जागेवरून तर एकही हलून दुसऱ्याजवळ गेला नव्हता. एक ब्रिटिश मध्यप्रांतात, दुसरा निजामाच्या राज्यात, तिसरा वऱ्हाडात. ते एकत्र आले ‘एपिग्राफिया इंडिका’ या ग्रंथमालेत. नागपूरचा लेख तिच्या दुसऱ्या खंडात, जैनथचा बाविसाव्या आणि डोंगरगावचा सव्विसाव्या खंडात आहे. प्रत्येक लेखाचे स्थान, वाचन, ठसा आणि शेवटी नामसूची ही त्या मालेची शिस्त होती. त्या शिस्तीमुळेच एका ठिकाणच्या अभ्यासकाला दुसऱ्या राज्यातील दगड घरबसल्या सापडला. आजचा माहितीसंग्रह याच नामसूचीचा विस्तार आहे, असे मला वाटते.

अशा नोंदीची गरज आपल्या भागाला विशेष आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचे किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले आणि २०१४ पासून ते तेलंगणात आहे. पैनगंगेच्या एका काठाची कागदपत्रे मराठीत, दुसऱ्या काठाची तेलुगूत आणि दोन्हीकडील वरिष्ठांची इंग्रजीत, अशी स्थिती झाली. वन्यप्राण्यांना मात्र ही सीमा ठाऊक नाही. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातील एका तरुण वाघाच्या गळ्यात २०१९ साली रेडिओपट्टा बसविला होता. तो महाराष्ट्र आणि तेलंगणातील जिल्हे ओलांडीत १,३०० किलोमीटरहून अधिक चालून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्या पट्ट्यामुळे त्याचा मार्ग कळला. अशा वाटा राखावयाच्या तर दोन्ही राज्यांतील कामांची नोंद एका ठिकाणी पाहता आली पाहिजे.

या दिशेने प्रयत्न झाले आहेत. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही करण्याची तरतूद केली. २००७ साली स्मारके व पुरावस्तू यांच्या नोंदीसाठी राष्ट्रीय अभियान सुरू झाले. २००८ साली सुरू झालेल्या ‘इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल’वर सामान्य नागरिकालाही आपले निरीक्षण नोंदविण्याची सोय करण्यात आली. इंग्लंडमध्ये विल्यम सदरलँड यांच्या पुढाकाराने २००४ पासून ‘कॉन्झर्वेशन एव्हिडन्स’ हा संग्रह वाढत गेला. निसर्गरक्षणाचा कोणता उपाय तपासून पाहिला आणि त्याचा परिणाम काय झाला, हे त्यात संक्षेपाने दिलेले असते. जे उपाय निष्फळ ठरले तेही त्यात येतात. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. आपल्याकडे उद्घाटनाची बातमी छापली जाते. लावलेल्या रोपांपैकी किती जगली, हे क्वचितच कोणी लिहितो. परिणामी शेजारचे गाव तोच प्रयोग तशाच रीतीने पुन्हा करते.

भाषेचा अभ्यासक म्हणून एक सूचना करतो. संशोधकांच्या ग्रंथांत आपल्या गावाचे नाव ‘जैनद’ असे आढळते आणि आपण म्हणतो ‘जैनथ’. एका नावाने शोध घेणाऱ्यास दुसऱ्या नावाखालील माहिती मिळेलच असे नाही. म्हणून कोणत्याही नोंदीत गावाची सर्व प्रचलित नावे, मराठी व तेलुगू लिपींसह, द्यावीत. देवराई, ओढा, झाड यांची लोकांच्या तोंडची नावे तशीच ठेवावीत. नाव चुकले की वस्तू जागेवर असूनही शोधणाऱ्याच्या दृष्टीने ती हरवते.

हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. जीर्णोद्धाराच्या उत्साहात जुन्या मंदिरांना तैलरंग दिला जातो, दगडांच्या सांध्यांत सिमेंट भरले जाते आणि अक्षरे बुजतात. हे करणारे श्रद्धाळूच असतात. पण त्या दगडावर काय लिहिले आहे, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. लेखाची माहिती चार ग्रंथालयांच्या कपाटात आणि रंगाचा डबा गावात, असे अंतर आजवर राहिले. ते मिटविण्याचे साधन आता हाती आले आहे.

माजी विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे की, त्यांनी आपापल्या गावातील एका तरी वास्तूची, विहिरीची किंवा देवराईची नोंद करावी: ती कोठे आहे, तिला काय म्हणतात, तिची डागडुजी केव्हा, कोणी आणि कशी केली, त्यातले काय टिकले आणि काय नाही. ही नोंद प्रथम शाळेच्या वहीत उतरावी आणि तेथून सार्वजनिक संग्रहात जावी. पद्मावतीने मंदिर बांधले त्याच वेळी त्याची नोंदही दगडावर कोरली गेली, म्हणून नऊशे वर्षांनी आपण तिचे नाव घेऊ शकतो. आपल्या कामांना तेवढे आयुष्य मिळावे, अशी इच्छा व्यक्त करून मी माझे भाषण पुरे करतो.