सह्याद्रीच्या थरांतील कालगणना

थळच्या किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळीं उघडे पडणारे काळे खडक आपणांपैकीं अनेकांच्या परिचयाचे असतील. समोर खांदेरी आणि उंदेरी हीं बेटें दिसतात. १६७९ सालीं शिवाजी महाराजांनीं खांदेरीवर किल्ला बांधावयास घेतला आणि मुंबईकर इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांचीहि झोप उडाली, हा इतिहास सर्वश्रुत आहे. आज मला सांगावयाचा आहे तो किल्ल्याच्या पायाखालील खडकाचा इतिहास.

मनुष्याच्या इतिहासांत शक कोठून धरावा हें ठरविणें सोपें असतें. राज्याभिषेक झाला कीं नवा शक सुरू होतो. पृथ्वीच्या इतिहासांत राज्याभिषेक नाहींत. त्यामुळें प्रत्येक देशाच्या भूशास्त्रज्ञानें आपल्या देशांतील खडक पाहून आपापली सीमा आंखली आणि या सीमा एकमेकींशीं जुळेनात. अखेर असें ठरलें कीं, प्रत्येक कालखंडाच्या प्रारंभासाठीं साऱ्या जगांतून एकच कडा निवडावा, त्यांतील एकच थर घ्यावा आणि तेथें खुंटी ठोकावी. अशी पहिली खुंटी १९७२ सालीं चेक प्रदेशांतील क्लोंक येथें मान्य झाली. या खुंटीस 'सोन्याची खुंटी' म्हणतात. पण चोरांनीं आशा धरूं नये, पुष्कळ ठिकाणीं ती नुसती धातूची पाटी असते!

सर्वांत प्रसिद्ध सीमा सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीची. त्या वेळीं राक्षसी सरडे नष्ट झाले व सस्तन प्राण्यांना रान मोकळें मिळालें. १९८० सालीं लुई व वॉल्टर अल्वारेझ या पितापुत्रांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं इटलींतील गुब्बिओ येथल्या चिकणमातीच्या पातळ थरांत इरिडियम हा दुर्मिळ धातु विपुल असल्याचें दाखविलें आणि आकाशांतून प्रचंड अशनि कोसळला, असा निष्कर्ष काढला. या सीमेची खुंटी १९९१ सालीं ट्युनिशियांतील अल् काफ येथें ठरली.

आतां कोणीहि विचारील कीं, त्याच सुमारास महाराष्ट्रांत भूमि दुभंगून लाव्हा वाहत होता, थरावर थर चढून सह्याद्रि उभा राहत होता. मग ही खुंटी आमच्या घाटांत कां नाहीं? उत्तर सरळ आहे. खुंटीला असा खडक लागतो कीं, जो समुद्रतळाशीं गाळ सांचून खंड न पडतां बनला आणि ज्यांत सूक्ष्म जीवांचे अवशेष पानोपानीं सांपडतात. लाव्ह्याची वही तशी नाहीं. एक थर कांहीं दिवसांत वा वर्षांत पसरतो आणि पुढच्या थरापर्यंत किती शतकें गेलीं, तें तो सांगत नाहीं.

तथापि आपल्या घाटांनाहि त्यांचा मान मिळाला आहे. १९८० नंतरच्या दशकांत खडकांचें रासायनिक पृथक्करण करून सह्याद्रीच्या थरांचे गट पाडण्यांत आले व त्यांना गांवांचीं, घाटांचीं नांवें देण्यांत आलीं. खालून वर जातां जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकुरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर. आगगाडीच्या वेळापत्रकांतलीं वाटावीं अशीं कांहीं नांवें आज जगभरचे भूशास्त्रज्ञ उच्चारतात.

आणि वाद पेटला आहे तो आपल्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यांतील पोलादपूरच्या नांवाच्या थरांवरून. २०१९ सालीं एकाच शास्त्रीय नियतकालिकाच्या एकाच अंकांत दोन गटांनीं आपलीं मापनें प्रसिद्ध केलीं. एका गटानें लाव्ह्याच्या थरांमधील तांबड्या मातींत सांपडणाऱ्या झिर्कॉनच्या कणांवरून काल काढला. त्याच्या मतें पोलादपूरचा मोठा उद्रेक प्राणिसंहाराच्या कांहीं दशसहस्र वर्षें आधीं सुरू झाला. दुसऱ्या गटानें आर्गॉन वायूच्या प्रमाणावरून हिशेब केला. त्यास सीमा बुशे व पोलादपूर यांच्या संधीजवळ दिसते, आणि बराचसा लाव्हा त्यानंतरचा ठरतो. लाव्हा आधीं आला असेल तर संहाराचा दोष त्याच्याहि माथीं येतो. मागाहून आला असेल तर अशनि एकटाच अपराधी! भूवैज्ञानिक दृष्ट्या अंतर अत्यल्प, पण निवाडा त्यावरच अवलंबून आहे. मला स्वतःला झिर्कॉनचा पुरावा अधिक सूक्ष्म वाटतो. पण ते कण मुळांत कोठून उडून आले, ही शंका विरोधकांनीं घेतलेली आहे, आणि ती पोकळ नाहीं.

साक्षीदार आणखी एक आहे. थंड होतांना लाव्हा त्या काळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा आपल्यांत जपून ठेवतो. घाटांतील बहुतेक थरांत ही दिशा आजच्या उलट आहे. महाबळेश्वरच्या वरच्या थरांत ती पुन्हा आजच्यासारखी होते. थळच्या दक्षिणेस अलिबागेंत १९०४ पासून चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या विजेच्या ट्रॅमगाड्यांनीं कुलाब्याचे वेध बिघडतील म्हणून ती येथें आली. मौज अशी कीं, तिच्या इमारतीला भोवतालचा काळवथरी दगड चालला नाहीं, कारण तो स्वतःच चुंबकीय! सुया ज्याला भितात, तोच दगड कोट्यवधि वर्षांपूर्वीची साक्ष देतो.

किनाऱ्याकडे येतांना हे थर आडवे राहत नाहींत. पनवेलजवळून ते वांकतात व पश्चिमेस समुद्राकडे कलतात. १९४९ सालीं ऑडन या भूशास्त्रज्ञानें हा वांक वर्णिला. तेव्हां थळला पायांखालीं येणारा थर घाटांतील कोणत्या थराचा सोबती, हें नुसत्या उंचीवरून सांगतां येत नाहीं. त्यासाठीं रासायनिक पृथक्करणच करावें लागतें. आणि काल सांगणारी ती तांबडी माती तर पुष्कळदां हातभरहि जाड नसते. घाटरस्त्याची दरड कापतांना ती उघडी पडते, आणि त्यावर सिमेंट चढलें कीं दिसेनाशी होते.