फ्रेद्दो!

तीर्थपुरी शाखेत माझी बदली झाली तेव्हा आमच्या घरात सर्वांत आधी स्वेटर माळ्यावर गेले. "मराठवाड्यात कसली आलीय थंडी?" असा सौभाग्यवतींचा सवाल होता, आणि भूगोलाच्या बाबतीत मी त्यांच्याशी वाद घालत नाही. (इतिहासाच्या बाबतीत एकदा घालून पाहिला. त्यात माझाच इतिहास निघाला.) परिणाम असा झाला की पहिल्याच डिसेंबरात मी कानांना टॉवेल गुंडाळून बँकेत हजर झालो आणि मॅनेजरसाहेबांनी मला दाढदुखीची रजा मंजूर केली.

घनसावंगी तालुक्यातलं हे गाव ज्यानं मे महिन्यात पाहिलं असेल, त्याचा इथल्या हिवाळ्यावर विश्वास बसणार नाही. सकाळी मोसंबीच्या बागांवर आणि उसाच्या फडांवर धुकं पसरलेलं असतं. अकरा वाजेपर्यंत कानटोपी कोणी काढत नाही, त्यामुळे खातेदार आणि त्याचा फोटो यांचा मेळ बसत नाही. सह्यांचा तर त्याहून नाही. "सायब, बोटंच वळंनात, तर सही कशी वळंल?" असं एका शेतकऱ्यानं मला विचारलं. याचं उत्तर आमच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं नाही.

अशाच एका सकाळी शाखेच्या गार फरशीवर पाय पडला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "फ्रेद्दो!"

आमचे गार्ड माजी सैनिक. त्यांचे कान तिखट. म्हणाले, "सायब, सकाळी सकाळी शिवी कुनाला?"

"शिवी नाही हो. आमच्या आजोबांचा शब्द आहे."

"मंग शिवीच आसंल," गार्ड म्हणाले.

आमच्या आजीचंही आयुष्यभर हेच मत होतं. आजोबा सातारा जिल्ह्यातले शेतकरी. थंडी पडली की पहाटे अंगणात येऊन ते मोठ्यानं "फ्रेद्दो!" म्हणत. आजीला वाटे, आदल्या रात्रीच्या आमटीबद्दल बोलतायत. तिची समजूत अर्धी बरोबर होती. इटालियन भाषेत फ्रेद्दो म्हणजे थंड, मग ती हवा असो की आमटी.

आजोबा इटलीत गेले होते ते काही पाहायला नाही. मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली बटालियन, तिला ते नुसतं 'जंगी पलटण' म्हणत, आठव्या हिंदी डिव्हिजनबरोबर १९४३ साली इटलीत उतरली. त्या सप्टेंबरच्या आठ तारखेला इटलीनं शरणागती जाहीर केली होती. म्हणजे आमचे लोक पोचले तेव्हा यजमानांनी लढाई सोडलेली होती. घरात ठाण मांडून बसलेले जर्मन पाहुणे मात्र हलायला तयार नव्हते. सगळा इटली देश वर सरकत सरकत त्यांना बाहेर काढायचं, हे काम १९४५ च्या मे महिन्यापर्यंत चाललं. त्यात दोन पुरे हिवाळे आले.

गंमत बघा. १९४१ साली आफ्रिकेत केरेनच्या डोंगरात आमच्याच मराठा पलटणीनं इटालियनांशी हातघाईची लढाई केली होती. शिवाजी महाराजांच्या जयजयकाराची रणगर्जना पलटणीनं घेतली ती तिथूनच. त्या आफ्रिकेतल्या लढायांत पकडलेले साठ हजारांहून अधिक इटालियन कैदी हिंदुस्थानात आणून ठेवले होते. भोपाळला, बंगळूरला, डेहराडूनला, कांगड्यातल्या योलला. म्हणजे १९४४ च्या मे महिन्यात इटालियन माणूस भोपाळला घामानं निथळत होता, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात सातारचा माणूस त्याच्या गावात कुडकुडत होता. आमच्या बँकेच्या बदली खात्यालाही याहून चोख अदलाबदल जमलेली नाही.

आजोबांची फौजी भाषा रोमन उर्दू. तेव्हाच्या हिंदी फौजेत हिंदुस्थानी भाषा इंग्रजी लिपीत लिहीत, आणि शिपायांना तीच शिकवत. ही रोमन उर्दू शिकलेला माणूस थेट रोमच्या मुलखात जाऊन पडला. तिथल्या पाट्या त्यांना फडाफडा वाचता येत. अर्थ मात्र एकाही पाटीचा कळत नसे. पुढं मला बँकेची परिपत्रकं वाचताना हाच अनुभव आला.

पहिला हिवाळा सांग्रो नदीवर गेला. नोव्हेंबर १९४३ मध्ये पाऊस असा लागला की नदीनं बांधलेले पूल उचलून नेले. पुढं मोरो नावाच्या ओढ्यावर तर आठव्या डिव्हिजनच्या सॅपर्सनी डिसेंबरात पूल उलटा बांधला. आपल्या काठाला जागाच नव्हती, म्हणून सामान पलीकडे नेऊन शत्रूच्या बाजूकडून आपल्याकडे बांधत आणला. साहेब लोकांनी त्याला 'इम्पॉसिबल ब्रिज' असं नाव दिलं. आजोबांना मात्र त्यात नवल वाटत नसे. "गाडी अडली की मागनं ढकलायची नायतर फुडनं वढायची, त्यात काय?" आणि गाड्या अडतच. चिखल असा की जीप रुतून बसायची आणि मग खेचरंच वर शिधा घेऊन जायची. इटलीच्या डोंगरातली लढाई निम्मी खेचरांनी जिंकली, हे आजोबांचं मत. उरलेली निम्मी कोणी, ते सांगत नसत.

दुसरा हिवाळा, १९४४-४५ चा, मध्य इटलीच्या डोंगरात. नाताळात टस्कनीतल्या सेर्किओ खोऱ्यात जर्मनांनी अचानक मुसंडी मारली. बार्गा हे गाव गेलं. आणि आठव्या डिव्हिजनच्या लोकांना तिकडे धाडून ते परत घ्यावं लागलं. पण आजोबांच्या बोलण्यात लढाई फार थोडी येई. येई ते शेतकऱ्यांचं घर. खाली गोठा, वर माणसं. जनावरांच्या उबेवर घर तापायचं. रात्री सगळं कुटुंब गोठ्यातच येऊन बसायचं. बाया सूत कातायच्या, म्हातारे गप्पा हाणायचे. "आपल्यासारखंच की वं," आजोबा सांगत. डोंगरात गहू कमी, म्हणून चेस्टनटच्या पिठाची भाकरी दोन तापल्या लोखंडी तव्यांमध्ये भाजायची. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मं निम्मं. त्याला तिकडे 'मेझाद्रिया' म्हणतात. आजोबांना तो शब्द कधी आला नाही, पण कुणी न सांगता व्यवहार कळला. अर्धेलीनं जमीन कसणारा माणूस दुसऱ्या अर्धेलीवाल्याला त्याच्या गोठ्यावरून ओळखतो. तिकडे असे नवे करार करायला कायद्यानं बंदी आली ती १९६४ साली. आमच्याकडे मुंबई इलाख्याचा कूळकायदा १९४८ चा. या एका बाबतीत सातारा युरोपच्या सोळा वर्षं पुढे होता, हे आजोबांना समजलं असतं तर त्यांनी गावभर सांगितलं असतं.

त्या भागातल्या पावात मीठ घालत नाहीत. टस्कनी, उम्ब्रिया, सगळीकडे पाव अळणी. "म्हनून तिथल्या कुनाच्या मिठाला जागायची भानगड न्हाई," आजोबा म्हणत. इंग्रजाचं मीठ खाल्लंय हे त्यांना पलटणीत रोज ऐकवलं जाई. त्या मिठावर कर लावणारा इंग्रजच होता, हेही त्यांना ठाऊक होतं. पण हा मुद्दा परेडवर काढण्यासारखा नव्हता.

एका घरातल्या म्हातारीनं म्हणे एका रात्री त्यांना खुणेनं माडीवरची खाट दाखवली आणि समजावून सांगू लागली. त्यातला एकच शब्द आजोबांना ओळखीचा वाटला. प्रेते! अंथरुणात प्रेते आहेत! आजोबा जागीच थिजले. आता इटालियन भाषेत 'प्रेते' म्हणजे पाद्री. आणि गादी गरम करायला अंथरुणात एक लाकडी सांगाडा ठेवतात, त्यात निखाऱ्यांचं मडकं टांगतात, त्या सांगाड्यालाही थट्टेनं प्रेतेच म्हणतात. ("आणि निखाऱ्याच्या मडक्याला?" हे मी पुढं पुस्तकातून शोधून काढलं. जोगीण! इटालियनांना देवाधर्माची भीती कमी दिसते.) म्हातारीनं पांघरूण वर केलं तेव्हा आत गरमागरम राख. ही गोष्ट आजोबा सांगत तेव्हा आम्ही पोरं हसून लोळायचो. ते स्वतः मात्र हसायचे नाहीत. तेव्हा आम्हांला वाटे, विनोद सांगायची त्यांची ती पद्धत आहे.

ते १९९९ साली गेले. त्यांची पत्र्याची ट्रंक वाटणीत माझ्याकडे आली, कारण ती दुसऱ्या कोणाला नको होती. तिच्यात एक चौकोनी, इवलीशी नोट निघाली. दहा लिरा. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आणि त्यातून कॅशियर, तेव्हा नोट दिसल्यावर ती उजेडात धरून पाहणं आलंच. ही दोस्त फौजांनी इटलीसाठी छापलेली लष्करी लिरा. भाव पौंडाला चारशे लिरा. रुपयाचा भाव दीड शिलिंग. म्हणजे रुपयाला बरोबर तीस लिरा. दहा लिरांची नोट म्हणजे पाच आणे चार पै. (तीर्थपुरी तेव्हा निजामाच्या राज्यात. इथं हाली सिक्का चाले, सात हाली म्हणजे सहा कलदार. तो हिशोबही मी करून ठेवला आहे. कुणाला हवा असल्यास काउंटरवर यावं, जेवणाच्या सुट्टीनंतर.)

नोटेच्या मागच्या बाजूला चार कोपऱ्यांत इंग्रजीत चार स्वातंत्र्यं छापली आहेत. भाषणाचं, धर्माचं, दैन्यापासून मुक्ततेचं, भयापासून मुक्ततेचं. रूझवेल्टसाहेबांनी जानेवारी १९४१ मध्ये भाषणात सांगितली तीच. चारही वेळा शब्द तोच, 'फ्रीडम'. आणि रोमन उर्दूवाल्या आजोबांनी तो वाचला 'फ्रेद्दो'. थोरल्या चुलत्यांनी मला सांगितलं, की आजोबा ती नोट दाखवून म्हणायचे, "ह्यो थंडीचा भत्ता. बग, चार डाव थंडी लिवलीया."

मी हसलो, आणि मग कॅशियरच्या सवयीनं तारखा मांडून पाहिल्या. ज्या वर्षी ही नोट छापली, त्या १९४३ मध्ये साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहत होतं. आजोबा सांग्रोच्या काठावर इंग्रज सरकारच्या कपड्यांत, आणि त्यांचा सख्खा धाकटा भाऊ गावात रात्री प्रतिसरकारच्या मंडळींना भाकरी पोचवीत होता. रूझवेल्ट आणि चर्चिल यांनी ऑगस्ट १९४१ मध्ये मिळून अटलांटिक सनद काढली होती. सप्टेंबरात चर्चिलसाहेबांनी पार्लमेंटात खुलासा केला, की तिच्यातलं स्वयंनिर्णयाचं कलम लिहिताना हिंदुस्थान काही डोळ्यांपुढं नव्हता. तेव्हा आजोबांनी केलेलं वाचनच बरोबर होतं. त्यांच्या वाट्याला त्या चारही कोपऱ्यांत थंडीच होती. ते परत आले, दोघे भाऊ एका ताटात जेवले, आणि त्या विषयावर जन्मात बोलले नाहीत. पोटापुरतं कोण कुठं गेलं याचा जाब आमच्या घरात कोणी कोणाला विचारत नसे.

आजोबांची एक खोड मात्र सगळ्या गावाला माहीत होती. वाळकं लाकूड. परसात पत्र्याखाली बाभळीचे ओंडके त्यांनी वर्षानुवर्षं रचून ठेवलेले असत, आणि त्यांतलं एक ढलपीदेखील ते शेकोटीला देत नसत. आम्ही पोरांनी शेकायचं ते पाचटावर, गोवऱ्यांच्या चुऱ्यावर, जुन्या टायरवर. चिक्कू म्हातारा म्हणून त्यांची ख्याती होती. मी बारा वर्षांचा असताना, १९९२ च्या डिसेंबरात, त्यातला एक ओंडका चोरून शेकोटीत घातला. आजोबा आले, जळता ओंडका हातानं ओढून काढला, मातीत विझवला. मला वाटलं, आता कानफटात बसणार. ते खाली बसले.

"सांग्रोवर आपल्या गावचा एक होता," म्हणाले. "माझ्या संगं भरती झाल्याला. त्याला द्यायचा हुता, आन् लाकूड सगळं वलं. आट दीस पाऊस. पेटंना. दुपारपासनं रात झाली."

एवढंच. मग हात धुवायला गेले.

सांग्रो नदीच्या युद्ध-स्मशानभूमीत दफन झालेल्यांच्या थडग्यांबरोबर एक वेगळं स्मारकही आहे. ज्यांना अग्नी दिला त्या पाचशेहून अधिक हिंदी सैनिकांची नावं त्यावर आहेत. तशी आणखी दोन इटलीत आहेत, रिमिनीला आणि फोर्लीला. सबंध इटलीत पन्नास हजारांच्या आसपास हिंदी सैनिक लढले, पाच हजार सातशे ब्याऐंशी परत आले नाहीत. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी उम्ब्रियात पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण थडगं नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. तिथल्या मोंतोने गावानं २०२३ साली त्यांच्या नावानं सावलीचं घड्याळ उभारलं. मी ती बातमी शाखेत मोठ्यानं वाचून दाखवली. "धुक्यात टाइम कसा कळंल?" एवढीच शंका आमच्या शिपायानं काढली. गार्ड मात्र उठून उभे राहिले होते.

परवा बँक सुटल्यावर गार्डनी दारासमोर शेकोटी केली. उसाच्या ट्रॅक्टरची रांग रस्त्यावर खोळंबली होती; कोपीत राहणारी तोडकऱ्यांची दोन पोरंही येऊन हात शेकायला बसली. गार्डनी कुठून तरी बाभळीचा चांगला मोठा ओंडका पैदा केला होता. तो ते आगीत लोटणार, एवढ्यात मी ओरडलो, "थांबा! ते वाळकं आहे!"

"मंग काय वलं लावू?" गार्ड चकित झाले.

मला काही सांगता आलं नाही. मी आत गेलो, स्टेशनरीचे रिकामे खोके फोडून आणले आणि आगीवर टाकले. ओंडका उचलून जिन्याखाली नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत शाखेत सगळ्यांना कळलं होतं, की सातारकर साहेब बँकेचं लाकूड घरी नेतात.