हायमातलोझ : इस्तंबूलमधील परके अध्यापक आणि आपलेपणाचा प्रश्न

१

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तुर्कस्तानात आश्रयाला असलेल्या अनेक जर्मन निर्वासितांच्या कागदपत्रांवर 'हायमातलोझ' असा एक शब्द आढळतो. 'ज्याला मायभूमी नाही असा' या अर्थाचा हा शब्द मूळचा जर्मन. तुर्की उच्चाराप्रमाणे लिहिला जाऊन तो तेथील सरकारी व्यवहारात रुळला. नोव्हेंबर १९४१ मध्ये नाझी राजवटीने देशाबाहेर राहणाऱ्या ज्यूंचे जर्मन नागरिकत्व काढून घेतले, तेव्हा अशा माणसांची नोंद करायला तुर्की दप्तरात शब्द हवा होता. ज्यांना स्वतःचा देश उरला नाही त्यांच्या भाषेतला हा शब्द मात्र परक्या भाषेत कायमचा वस्तीला आला. ही माणसे आणि त्यांना आश्रय देणारे शहर यांच्यातील संबंध किती गुंतागुंतीचा होता, याची ही बोलकी खूण आहे.

साहित्यसमीक्षेच्या इतिहासात हा संबंध प्रामुख्याने एरिख आउअरबाख (१८९२–१९५७) याच्या संदर्भात चर्चिला जातो. पाश्चात्त्य साहित्यातील वास्तवचित्रणाचा शोध घेणारा 'मिमेसिस' हा त्याचा ग्रंथ मे १९४२ ते एप्रिल १९४५ या काळात इस्तंबूलमध्ये लिहिला गेला आणि १९४६ मध्ये बर्न येथे प्रसिद्ध झाला. तेथील ग्रंथालये युरोपीय अभ्यासासाठी अपुरी होती, आणि कदाचित या अभावामुळेच ग्रंथ पूर्ण होऊ शकला, असे आउअरबाखने उपसंहारात नमूद केले आहे. एडवर्ड सैद यांनी १९८३ मध्ये या विधानाला मोठा सैद्धांतिक आशय दिला. घरापासून तुटलेपण हीच समीक्षकाची दृष्टी घडविणारी शक्ती होय, या त्यांच्या प्रतिपादनाला आउअरबाखचा इस्तंबूल-वास हा आदर्श दाखला ठरला. पुढे एमिली ॲप्टर (२००३) आणि कादेर कोनुक (२०१०) यांनी या चित्राला मुरड घातली. इस्तंबूल हे वैचारिक वाळवंट नव्हते आणि आउअरबाख तेथे एकाकी नव्हता, हे त्यांनी दाखवून दिले. तरीही एक प्रश्न शिल्लक राहतो. आउअरबाख एकाकी नव्हता हे मान्य केले, तरी तो त्या गावचा झाला होता काय? आणि परक्या गावचे होणे म्हणजे नेमके काय होणे?

२

ज्या विद्यापीठात ही माणसे आली त्याचा जन्मच एका उलथापालथीतून झाला होता. 'दारुलफुनून' ही जुनी उस्मानी संस्था ३१ जुलै १९३३ रोजी बंद करण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी इस्तंबूल विद्यापीठ अस्तित्वात आले. या सुधारणेचा पाया स्विस शिक्षणतज्ज्ञ आल्बेर्ट माल्श यांचा अहवाल हा होता. त्याच वर्षी हिटलरच्या राजवटीने ज्यू आणि विरोधी मतांच्या प्राध्यापकांना पदच्युत केले. एकीकडे विद्वानांची गरज आणि दुसरीकडे विद्वानांची हकालपट्टी यांचा मेळ झुरिक येथील निर्वासित विद्वानांच्या संघटनेच्या वतीने फिलिप श्वार्ट्‌स यांनी घालून दिला.

या घटनेचे वर्णन पुष्कळदा तुर्कस्तानचे औदार्य म्हणून केले जाते, आणि ते खोटे नाही. परंतु दारुलफुनूनमधील निम्म्याहून अधिक अध्यापकांना नव्या विद्यापीठात जागा मिळाली नाही, हेही ध्यानात घ्यावयास हवे. परक्यांसाठी मांडलेल्या अनेक खुर्च्या घरच्यांना उठवून रिकाम्या केलेल्या होत्या. शिवाय हे आतिथ्य बिनशर्त नव्हते. काही वर्षांत तुर्की शिकून तीतूनच अध्यापन करावे आणि विद्यार्थ्यांसाठी पाठ्यपुस्तके सिद्ध करावीत, अशी अपेक्षा नेमणुकीच्या करारांत नोंदलेली असे. येथे आपलेपणा ही भावना होण्याआधी करारातील एक कलम होती.

३

या कलमाला सर्वांत उत्साहाने प्रतिसाद देणारा अभ्यासक म्हणजे लिओ श्पिट्झर (१८८७–१९६०). कोलोन विद्यापीठातून १९३३ मध्ये निष्कासित झालेला हा शैलीविज्ञानाचा अभ्यासक त्याच वर्षी इस्तंबूलला आला आणि लवकरच त्याने 'वार्लिक' या तुर्की नियतकालिकात तुर्की भाषा शिकण्याच्या अनुभवावर लेख लिहिला. सामान्यतः परकी भाषा शिकणारा माणूस तिच्या अडचणी मोजतो. श्पिट्झरने मात्र या भाषेच्या बोलण्यातील लकबींत बोलणाऱ्याचे मन कसे उमटते याचा वेध घेतला. रोमान्स भाषांच्या बाबतीत तो जे करीत आला होता तेच त्याने नव्याने ऐकलेल्या भाषेच्या बाबतीत केले. यजमानाच्या भाषेला कुतूहलाचा नव्हे तर अभ्यासाचा विषय मानणे हा त्याचा आपलेपणाचा मार्ग होता.

तथापि श्पिट्झर १९३६ मध्येच बाल्टिमोरला निघून गेला. भाषेवर जीव जडला असूनही वास्तव्य अवघे तीन वर्षांचे ठरले. त्याच्या जागी आउअरबाख आला आणि अकरा वर्षे राहिला. पण तुर्कीवर त्याने श्पिट्झरसारखे प्रेम केल्याचे दिसत नाही. त्याची व्याख्याने प्रामुख्याने फ्रेंचमधून होत आणि साहाय्यक त्यांचा तुर्की अनुवाद करीत. भाषा आत्मसात करणे आणि गावी रुजणे ही समीकरणे आपण ज्या सहजतेने जोडतो, ती या दोन उदाहरणांपुढे टिकत नाहीत.

४

आउअरबाखने जानेवारी १९३७ मध्ये वाल्टर बेन्यामिनला लिहिलेल्या पत्रात तुर्कस्तानातील स्थितीचे मार्मिक निदान आढळते. परंपरेशी सर्व नाते तोडून युरोपच्याच साधनांनी युरोपवर मात करू पाहणारा राष्ट्रवाद त्याला तेथे दिसला. १९२८ मध्ये अरबी लिपी जाऊन लॅटिन लिपी आली होती, आणि पाठोपाठ अरबी-फारसी शब्दांना हुसकावून लावण्याची मोहीम सुरू झाली होती. परिणामी पंचविशीच्या आतील तरुणाला दहा वर्षांमागचा ग्रंथही वाचता येईनासा झाला, असे त्याचे निरीक्षण होते.

या पत्राचा उल्लेख बहुधा आउअरबाखच्या परकेपणाचा पुरावा म्हणून होतो. मात्र त्यातून दुसरीही एक गोष्ट निष्पन्न होते. ज्या विद्यार्थ्यांसमोर तो उभा राहणार होता, ते त्यांच्या जन्मगावी एका अर्थाने परके झालेले होते. आजोबांनी लिहिलेली पत्रे, मशिदीच्या भिंतीवरील लेख, कबरीवरील नावे ही त्यांच्या डोळ्यांदेखत मुकी झाली होती. शिक्षकाला त्याच्या देशाने परंपरेबाहेर काढले होते, विद्यार्थ्यांना त्यांच्या देशाने. दोन्ही घटनांची नैतिक तुलना होऊ शकत नाही, कारण एकीच्या मुळाशी वंशद्वेष होता आणि दुसरीच्या मुळाशी आधुनिकतेची आकांक्षा. तरीही वर्गातल्या संबंधाच्या दृष्टीने ही समांतरता महत्त्वाची आहे. सामायिक वारशाच्या अभावी त्यांच्यात जे सामायिक होऊ शकत होते, ते वारसा तुटल्याचे भान.

५

या भानातून एक पुस्तक जन्माला आले, आणि ते 'मिमेसिस' नव्हे. रोमान्स भाषा आणि साहित्ये यांच्या अभ्यासाची ओळख करून देणारे एक पाठ्यपुस्तक आउअरबाखने १९४३ मध्ये फ्रेंचमध्ये लिहिले. सुहेला बायराव या त्याच्या विद्यार्थिनीने त्याचा तुर्की अनुवाद केला आणि तो १९४४ मध्ये प्रसिद्ध झाला. मूळ फ्रेंच आवृत्ती निघाली ती १९४९ मध्ये. म्हणजे हे पुस्तक आपल्या मूळ भाषेच्या आधी तुर्कीत अवतरले. तुर्की विद्यार्थ्यांना आपण जे शिकतो त्याचा उगम आणि अर्थ कळावा, हा त्याचा घोषित हेतू होता.

'मिमेसिस' आणि हे पाठ्यपुस्तक एकाच काळात, एकाच गावी सिद्ध झाले. पहिल्याचा आरंभ 'ओडिसी'तील प्रसंगाने होतो : वीस वर्षांनी घरी परतलेला, परक्याच्या वेषातला नायक पाय धुणाऱ्या वृद्ध दाईकडून जखमेच्या व्रणावरून ओळखला जातो. घरी परतण्याची शक्यता नसलेल्या लेखकाने या प्रसंगापासून सुरुवात करावी, यातील सूचकता उघड आहे. परंतु होमरपासून व्हर्जिनिया वुल्फपर्यंत पसरलेल्या त्या ग्रंथात तो ज्या गावी लिहिला गेला त्या गावच्या साहित्याला स्थान नाही. ग्रंथाचा वाचक युरोपात, विखुरलेला आणि कदाचित न उरलेला असा होता. पाठ्यपुस्तकाचा वाचक मात्र समोर बाकावर बसलेला होता. त्याला काय ठाऊक नाही, कोणती संज्ञा उलगडून सांगितली पाहिजे, ख्रिस्ती धर्माची कोणती पार्श्वभूमी दिल्याविना मध्ययुगीन काव्य त्याला बंद राहील, याचा विचार अशा पुस्तकाला ओळीओळीत करावा लागतो. ज्याला समोरच्याचे अज्ञान नेमके माहीत असते, तो त्याला पूर्णतः परका राहत नाही. 'मिमेसिस' हा आउअरबाखच्या बेघरपणाचा दस्तऐवज असेल, तर करारातील कलमातून निघालेले हे साधे पुस्तक त्याच्या आपलेपणाचा दस्तऐवज आहे. सिद्धान्ताने पहिल्याचा गौरव केला आणि दुसऱ्याकडे फारसे पाहिले नाही, याचे कारण उघड आहे. निर्वासनाला तेजोवलय लाभते, शिकवणीला लाभत नाही.

६

अर्थात हे आपलेपण किती मर्यादित होते याकडे डोळेझाक करता येत नाही. डिसेंबर १९४१ मध्ये रुमानियातील ज्यू निर्वासितांना घेऊन निघालेले 'स्ट्रुमा' हे नादुरुस्त जहाज इस्तंबूलच्या बंदरात येऊन थांबले. पॅलेस्टाइनला जाण्याचे परवाने ब्रिटिशांनी दिले नाहीत आणि प्रवाशांना किनाऱ्यावर उतरू देण्यास तुर्की सरकार तयार झाले नाही. मोजके प्रवासी सोडता सर्वजण सुमारे दहा आठवडे शहराच्या नजरेसमोर जहाजात अडकून राहिले. अखेर जहाज काळ्या समुद्रात ओढत नेऊन सोडण्यात आले. २४ फेब्रुवारी १९४२ रोजी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने ते बुडाले; साडेसातशेहून अधिक माणसे मेली, एकच वाचला. पुढे मे महिन्यात 'मिमेसिस'चे लेखन सुरू झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आलेल्या संपत्तिकराचा बोजा तेथील ज्यू, आर्मेनियन आणि ग्रीक नागरिकांवर विषम प्रमाणात पडला. आउअरबाखला विद्यापीठाने सामावून घेतले ते युरोपीय विद्येचा प्रतिनिधी म्हणून. ज्यू म्हणून दारात आलेल्यांच्या वाट्याला तो न्याय आला नाही. कोणत्या नात्याने आपण आत घेतले गेलो, याची जाणीव अशा पाहुण्याला क्षणभरही सुटत नसणार.

७

आउअरबाख १९४७ मध्ये अमेरिकेला गेला. १९५२ च्या एका निबंधात त्याने फिलॉलॉजीचे घर आता राष्ट्र नसून पृथ्वी आहे असे म्हटले, आणि या विचाराच्या पुष्ट्यर्थ बाराव्या शतकातील सेंट व्हिक्टरच्या ह्यूगोचा दाखला दिला. सैद आणि त्यांच्या पत्नीने केलेल्या १९६९ च्या इंग्रजी अनुवादामुळे हा निबंध सर्वत्र पोहोचला. इस्तंबूलमध्ये राहिले ते कोण, हा प्रश्न मात्र फारसा विचारला गेला नाही.

राहिला तो ट्राउगोट फुक्स (१९०६–१९९७). तो ज्यू नव्हता. गुरू श्पिट्झरच्या हकालपट्टीचा निषेध केल्यामुळे त्याला जर्मनीत भवितव्य उरले नाही, आणि १९३४ मध्ये तो गुरूमागोमाग इस्तंबूलला आला. तुर्कस्तानने ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनीशी संबंध तोडले, तेव्हा जर्मन नागरिक म्हणून त्याला अनातोलियातील चोरुम या गावी स्थानबद्ध केले गेले. जर्मनीचा विरोधक जर्मन ठरून बंदिस्त झाला. तेथे त्याने गावाची आणि परिसराची चित्रे काढली. सुटकेनंतर तो इस्तंबूलला परतला, पिढ्यान्‌पिढ्यांना शिकवीत राहिला आणि तेथेच मरण पावला. त्याने जगाला हलवून सोडणारा सिद्धान्तग्रंथ दिला नाही. त्याची कागदपत्रे बोआझिची विद्यापीठात जपली गेली आहेत.

श्पिट्झरने भाषेवर प्रेम केले आणि तो गेला. आउअरबाखने पाठ्यपुस्तक दिले आणि तो गेला. फुक्सला गावाने एकदा कोंडले, तरी तो राहिला. या तिघांपैकी खरा इस्तंबूलकर कोण, हे ठरविण्याचा अधिकार निर्वासनाच्या सिद्धान्तापेक्षा त्या गावच्या माणसांकडे अधिक आहे. त्यांचे उत्तर कृतीत मिळते. सुहेला बायराव यांनी त्याच विद्यापीठात रोमान्स साहित्याचे अध्यापन पुढे चालविले. श्पिट्झरची विद्यार्थिनी आझ्रा एरहात हिने ए. कादिर यांच्यासह होमरची दोन्ही महाकाव्ये तुर्कीत आणली. 'ओडिसी' १९७० मध्ये आली. परतलेल्या परक्याला व्रणावरून ओळखणाऱ्या त्या दाईची कथा आता इस्तंबूलचा विद्यार्थी त्याच्या स्वतःच्या भाषेत वाचतो.