लाटण्याची मूठ

पक्षाघातानंतर आईने पुन्हा पोळी लाटली ती भोपाळच्या अयोध्या नगरातल्या आमच्या घरी, याच ओट्यावर. ऑक्युपेशनल थेरपीच्या ताईंनी लाटण्याच्या मुठींना जुन्या साडीची पट्टी गुंडाळून त्या जाड केल्या, पोळपाटाखाली ओलं फडकं घातलं. चेंडू दाबायला कंटाळणारी आई कणीक मात्र मन लावून मळायची. या विद्येचं मर्म तेच: रोजचं कामच औषध.

ती आपल्याकडे रुजवली कमलाबाई निंबकरांनी. मूळच्या अमेरिकन, एलिझाबेथ लंडी. लग्नाने निंबकर झाल्या. १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्यांनी आशियातली या विषयाची पहिली शाळा काढली. १९५२ मध्ये ऑक्युपेशनल थेरपिस्टांचा जागतिक महासंघ स्थापन झाला, तेव्हा संस्थापक दहा देशांत भारतही होता. केवढी मोठी गोष्ट!

भोपाळमधल्या आमच्या घरापर्यंत ही विद्या पोचली. परवा आईने ब्लाऊजचे हूक स्वतः लावले.